फ्लूट आणि पायपेटी

“बटण मी घरी जाऊन लावीन, डॉक्टर,” इनासकाका म्हणाले. “इथं मला वाजवू द्या.”

डॉक्टर चिटणवीस त्यांचा डावा हात खिडकीच्या उजेडात धरून एकेक बोट तपासत होते. ते थांबले.

“काय वाजवू द्या?”

“फ्लूट.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ही फूस मीच लावली असावी अशी त्यांची नजर होती. मी मेणाचं भांडं उचलून स्टोव्हवर ठेवलं. मलाही ते नवीनच होतं.

ही अडुसष्ट सालातली गोष्ट. मी तेव्हा साताऱ्याकडच्या एका कुष्ठरोग रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून सगळे मला ‘व्यायामाच्या बाई’ म्हणत. माझं काम हातांचं. या रोगात हाताच्या नसा मरतात, बोटं आत वळतात आणि तशीच आखडून बसतात. डॉक्टर चिटणवीस पोटरीतली दोरीसारखी एक बारीक कंडरा काढून ती हाताला जोडत आणि वळलेली बोटं पुन्हा सरळ होत. पण जोडलेल्या कंडरेला आपलं नवं काम ठाऊक नसतं. ते तिला शिकवावं लागतं. आधी कोमट मेणाचा शेक, मग तेल, मग व्यायाम, असं रोज चालायचं. एखादा माणूस कित्येक वर्षांनी पहिल्यांदा मूठ उघडतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत राहावं. त्यासाठीच मी त्या नोकरीत राहिले असं म्हटलं तरी चालेल.

इनास तुस्कानो वसईचे. पंचेचाळिशीचे, उंच, बोलायला सावकाश. तरुणपणापासून मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत फ्लूट वाजवायचे. ही आपली बांबूची बासरी नव्हे. धातूची, आडवी धरायची, भोकांवर चाव्या बसवलेली. डाव्या हाताची बोटं वळायला लागली तेव्हा त्यांनी ती पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर. आता रोग औषधांनी आटोक्यात आला होता, दोन्ही हातांवर शस्त्रक्रिया होऊन बोटं सरळ झाली होती, आणि घरचे त्यांना न्यायला तयार होते. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

महिन्याभरानं पुण्या-मुंबईचे सर्जन आमच्याकडे येणार होते. डॉक्टरांना त्यांना हे हात दाखवायचे होते. कुणी पेला उचलून दाखवणार, कुणी सुईत दोरा ओवणार, आणि इनासकाकांनी सदऱ्याची बटणं लावायची, असं ठरलं होतं.

“तुस्कानो, बसा,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या बोटांना मी हालचाल दिली. जाणीव दिलेली नाही. ती मला देता येत नाही, कुणालाच येत नाही. मागच्या उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात एकानं चुलीवरचं पातेलं हातानं उतरवलं. हात भाजतोय हे त्याला कशानं कळलं माहीत आहे? वासानं.”

“माहीत आहे. मी तिथंच होतो.”

“मग? चावीवर बोट आहे की नाही हे तुम्हाला कळणार कसं?”

“ऐकून,” इनासकाका म्हणाले.

डॉक्टरांनी धरलेला हात सोडला. ते शीघ्रकोपी होते, पण खरं उत्तर मिळालं की त्यांचा राग जागच्या जागी विरायचा.

“आणि साथीला कोण?”

“ही बाय आहे ना. रविवारी प्रार्थनेला पायपेटी वाजवते.”

माझे वडील नगरला चर्चचे पाळक होते. मिशनच्या एका मडमेनं मला लहानपणी पायपेटी शिकवली होती. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मला गीतं वाजवता यायची, त्यापलीकडे काही नाही. तसं मी सांगणार होते, पण डॉक्टर आधीच माझ्याकडे वळले होते.

“शलोमी, एक अट. यांचं काही बरं-वाईट व्हायला लागलं तर तू थांबवायचंस. ते थांबणार नाहीत. त्यांना कळणारच नाही. कळणार तुला.”

मी हो म्हटलं.

प्रार्थनागृह कौलारू होतं, लांबट, मागच्या बाजूला निलगिरीची झाडं. आम्ही दुपारी तिथं बसायचो. इनासकाकांनी घरून फ्लूटची पेटी आणि हातानं लिहिलेले स्वरांचे काही कागद मागवले. युद्धाच्या वेळी मुंबईत येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या ऑस्ट्रियन वादकाकडे ते शिकले होते, त्याच्याकडून त्यांनी ते उतरवून घेतले होते. सतराशे सालानंतर कधीतरी, तिकडच्या कुणा वादकानं घरातल्या दिवाणखान्यात दोघांनी बसून वाजवायला लिहिलेलं ते संगीत होतं. फ्लूटला जोडीला तेव्हा तारांची, पियानोच्या आधीची पेटी असायची. आमच्याकडे पायपेटी होती.

“ती वाऱ्यावर चालते, हीपण वाऱ्यावर चालते,” इनासकाका म्हणाले. “जमेल.”

पहिल्या दिवशी मी कागद बघून म्हटलं, “काका, तुम्ही पुढं चला. मी मागून साथ करते.”

“साथ नाही,” ते म्हणाले. “इथं बघ. वरची ओळ माझी. मधली तुझ्या उजव्या हाताची. खालची तुझ्या डाव्या हाताची. तिघंजण बोलतायत. मी काही म्हणतो, ते तुझा उजवा हात ऐकतो आणि तेच म्हणून दाखवतो, तोवर मी दुसरंच काही बोलायला लागतो. पुढं तू आधी म्हणतेस आणि मी मागून. कोण कुणाचा नोकर नाही यात.”

मला ते कळायला फार वेळ लागला. आमच्या गीतांत सूर एकाच वेळी पाऊल उचलतात आणि एकाच वेळी टेकतात, रांगेत चालणाऱ्या मुलांसारखे. इथं प्रत्येकाची वाट वेगळी होती. मी त्यांच्या सुराकडे कान दिला की माझा हात चुकायचा, आणि हाताकडे लक्ष दिलं की ते कुठं गेले ते कळायचं नाही.

त्यांची अडचण तर याहून मोठी. पहिल्या दिवशी त्यांच्या फ्लूटमधून निघाला तो नुसता वारा. मग सूर निघाले, पण भलतेच. बोट चावीवरून घसरलेलं असायचं आणि त्यांना पत्ताच नसायचा. फ्लूट आडवी धरली की वाजवणाऱ्याला स्वतःची बोटं दिसत नाहीत. मी व्यायामाच्या खोलीतला आरसा आणून त्यांच्यासमोर ठेवला. मग जमायला लागलं. आरशात बघायचं, बोट जागेवर आणायचं, फुंकायचं. चावीवर किती जोर द्यायचा हे कळत नसल्यामुळे ते फार जोरात दाबायचे. दर थोड्या वेळानं मी त्यांचे हात माझ्या हातात घेऊन प्रत्येक बोटाचं टोक बघत असे. लाल झालं असेल तर त्या दिवशीचं वाजवणं बंद. ते मुकाट्यानं फ्लूट पुसून ठेवायचे.

एका दुपारी ते आरशाला पाठ करून उभे राहिले.

“काका, दिसणार कसं?”

“आरशात बघत वाजवलं की मी बोटं वाजवतो. गाणं वाजत नाही.”

त्यांनी डोळे मिटले आणि मधला संथ भाग सुरू केला. माझी ओळ दोन मात्रांनंतर येणार होती. ती आली आणि गेली. मी वाजवलंच नाही. पायही थांबले. मी तोपर्यंत त्या माणसाचे हात रोज हाताळले होते, त्यांचा प्रत्येक व्रण मला पाठ होता, आणि त्याच मेलेल्या बोटांखालून हे निघत होतं. पाण्यावर ऊन पडावं तसा तो सूर भिंतीवर हलतोय असं मला वाटलं. दुखणं, औषधं, शहरातल्या लोकांनी आमच्या हातचं पाणी न पिणं, यातलं काही त्या सुराला माहीतच नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो कुठल्या तरी थंड देशात लिहून ठेवला होता आणि तो आत्ताच जन्मल्यासारखा आमच्या कौलांखाली उभा होता.

त्यांनी फ्लूट खाली घेतली.

“बाय, तू थांबलीस की मी एकटा पडतो.”

“परत घेऊया,” मी म्हटलं.

सर्जन आले त्या दिवशी सकाळपासून धावपळ होती. प्रार्थनागृहात बाकं मांडली होती. पुढं पाहुणे, मागं आमचे रुग्ण. पेला उचलून झाला, दोरा ओवून झाला, पाहुणे पुढं येऊन बोटं वाकवून बघत होते आणि डॉक्टर इंग्रजीतून सांगत होते. ते खूश होते. शेवटी त्यांनी इनासकाकांना बोलावलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

इनासकाका पांढरा सदरा घालून आले. सगळी बटणं त्यांची त्यांनीच लावली होती. ते पाहुण्यांकडे थोडे तिरके उभे राहिले, म्हणजे डाव्या हाताच्या बोटांची टोकं पायपेटीवरून मला दिसावीत. लोकांना त्या हाताची फक्त पाठ दिसत होती. हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

पहिला भाग चांगला गेला. एका जागी त्यांचा सूर फुटला, एका जागी मी घसरले, पण आम्ही एकमेकांना सोडलं नाही. मग संथ भाग सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले.

पहिलं पान संपेपर्यंत माझं लक्ष माझ्या हातांत होतं. पान उलटताना वर बघितलं, तर त्यांच्या डाव्या बाहीच्या कडेला लाल ठिपका होता. मी बघेपर्यंत दुसरा पडला. करंगळीशेजारच्या बोटाखालून रक्त येत होतं. चावीजवळची सुईसारखी बारीक स्प्रिंग जागेवरून सरकून वर आली होती, हे आम्हाला नंतर कळलं. बोट चावीवरून जरा घसरलं होतं आणि तिच्या टोकावर दाबलं जात होतं. दर वेळी ते बोट खाली जाई तेव्हा सुई आत जात होती. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मिटलेल्या पापण्यांवर, सुराखेरीज काही नव्हतं.

मला थांबायचं होतं. त्यासाठी फार काही करायला नको होतं. पायांनी भाता हलवणं सोडलं की पायपेटीचा दम लगेच सुटतो. मी पाय सैल सोडलेसुद्धा. सूर खाली बसायला लागला. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की मी थांबले तरी ते थांबणार नाहीत. ते एकटे पुढं जातील, डोळे मिटून, त्या सुईवरून. मला त्यांना हाक मारावी लागेल. इतक्या लोकांसमोर, त्या सुराच्या मधोमध.

मी पाय पुन्हा रोवले आणि माझी ओळ टाकून उजव्या हातानं त्यांची वाजवायला लागले.

एकाच ओळीवर आम्ही दोघं आलो. त्यांना ते ताबडतोब कळलं. कपाळावर आठी पडली, डोळे उघडले. मी चुकले असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बोटाकडे बघितलं. मग त्यांनी, फ्लूट ओठांपासून न काढता, ती बोट दिसेल इतकी कलती करून नजर खाली वळवली.

घाबरण्याची खूण त्यांच्या तोंडावर नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी पत्र चुकून आपल्या हाती यावं तसं त्यांनी त्या रक्ताकडे बघितलं. मग ते बोट चावीवरून उचललं आणि हवेत सरळ उभं धरलं. महिनाभरापूर्वी ते बोट असं एकटं उचलता येत नव्हतं.

फ्लूटचे बरेचसे सूर त्या बोटाशिवाय निघत नाहीत. मोजके निघतात, वरचे. त्यांनी तेवढेच घेतले. मी सोडलेली मधली ओळ त्यांनी उचलली, ज्या स्वरांना ते बोट लागत होतं ते गाळले आणि उरलेले लांब करून धरले. खाली माझा उजवा हात त्यांचं बोलणं बोलत होता आणि वरून ते माझं. ते लिहिणाऱ्यानं असं काही होईल म्हणून लिहिलं नसणार. पण त्यानं तिघांना सारखी जागा दिली होती, म्हणून एकाला दुसऱ्याच्या जागी उभं राहता आलं. मला माझं बोट कुठलं आणि त्यांचं कुठलं हे कळेनासं झालं होतं. पाय आपोआप चालत होते. अशा भक्तीनं मी कधी प्रार्थनाही केली नव्हती.

उचललेल्या बोटावरून रक्त मनगटाकडे ओघळलं आणि आता ते सगळ्यांनाच दिसलं. डॉक्टर उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण मला ते दिसत होते. ते पुढं आले नाहीत. शेवटचा लांब सूर संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर आले, खिशातला रुमाल त्या बोटाभोवती आवळला आणि इनासकाकांना हाताला धरून ड्रेसिंगच्या खोलीकडे घेऊन गेले. मीही मागोमाग गेले.

जखम खोल होती. डॉक्टरांनी ती धुतली आणि टाके घालायला घेतले. भूल देण्याची गरजच नव्हती. इनासकाका आपल्या बोटातून सुई जाताना बघत होते.

मी म्हटलं, “डॉक्टर, मी थांबवायला हवं होतं.”

डॉक्टरांनी मान वर केली नाही. “मी उठलो होतो,” ते म्हणाले. “मग मला पुढंही जाता येईना आणि बसताही येईना.” शेवटचा टाका घालताना म्हणाले, “बोट वाचेल. बाकीचं मला विचारू नकोस.”

दोरा कापून ते हात धुवायला गेले. इनासकाका पांढऱ्या बोळ्यात गुंडाळलेलं ते बोट उलटसुलट करून बघत होते.

“लागलं माझ्या बोटाला,” ते म्हणाले, “पण दुखलं तुझ्याकडं.”

मी टेबलावरचे रक्ताचे बोळे गोळा करायला लागले.

“खरंच सांगतो, बाय. इतकी वर्षं मला वाटायचं, माझं दुखणं गेलं ते गेलंच. ते असं बाहेर कुणाकडं असतं हे मला ठाऊक नव्हतं.”

त्यांचं घरी जाणं लांबलं. जखम भरायला वेळ लागला आणि बोटाचं टोक थोडं बसकं झालं. फ्लूट पुन्हा त्यांच्या हाती द्यायला डॉक्टर बरेच दिवस तयार नव्हते, आणि त्यांनीही मागितली नाही. ते दिवसभर वॉर्डातच असायचे. काय करायचे ते मला माहीत नव्हतं, कारण माझी कामाची खोली अंगणापलीकडे होती.

एका सकाळी शेक घ्यायला कुणीच आलं नाही. मेण वितळून तयार होतं. मी वाट बघून पुरुषांच्या वॉर्डात गेले. दारातच थांबले.

माणसं खाटांवर दोघं-दोघं समोरासमोर बसली होती. प्रत्येकानं दुसऱ्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता. कुणी तळवा उजेडाकडे वळवत होतं, कुणी बोटांच्या बेचक्यांत डोकावत होतं. पाय बघून झाले की हात. त्यात वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेलेही होते. बायका-मुलांनी ज्यांना हात लावायचं सोडलं होतं त्यांचे तळवे दुसरं कुणीतरी पोथी वाचावी तसं सावकाश वाचत होतं. माझ्या शिक्षणात असं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. पायांचीही जाणीव गेलेली, काटा रुतला तरी कळत नसे, म्हणून मी त्यांना रोज बजावायची, स्वतःचे पाय स्वतः बघत जा. ते ऐकून घ्यायचे आणि बघायचे नाहीत.

इनासकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. पट्टी बांधलेलं बोट वर धरून ते धोंडिबाचा पाय बघत होते. धोंडिबा माण तालुक्यातला म्हातारा मेंढपाळ, कुणाशी फारसं न बोलणारा. इनासकाकांनी त्याची टाच हलकेच वळवली आणि तिथं थांबले.

धोंडिबा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“लई लागलंय का रं मला?” त्यानं विचारलं.

इनासकाकांनी दोन्ही हातांत ती टाच धरली.

“हो,” ते म्हणाले. “लागलंय तुला.”